गाडी कुणाला लागते?

थोरल्यांनी बॉनेट उघडले, ऑइलची पट्टी ओढून तिचा वास घेतला आणि तेल चांगले आहे की वाईट, याचा कुणालाच पत्ता लागू नये असा चेहरा केला. जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला असले चेहरे परिचयाचे होते.

"एकाच मालकाची आहे, साहेब. क्रॉसओव्हर. जीपची उंची, मोटारीची चाल. सात माणसं ऐसपैस."

"ते मी ठरवीन." थोरल्यांनी पायाखालचे मॅट उचलून पत्रा तपासला, प्रत्येक दार आपटून त्याचा आवाज ऐकला आणि मग कुटुंबाला हुकूम सोडला, "बसा रे सगळे. बघू, मावतोय का."

कुणी कुठे बसायचे हे सांगावे लागले नाही. चाकामागे थोरले, शेजारी धाकटा भाऊ. मधल्या रांगेत आई, थोरली सून आणि तिची मोठी मुलगी. मग मधले आसन पुढे दुमडण्यात आले आणि त्या फटीतून धाकटी सून वाकून शेवटच्या रांगेत शिरली, तिच्यामागून लहान पुतणी. आसन दारासारखे मागे आले आणि खटकन बसले.

"बघा! सात म्हणजे सात," थोरले आरशात पाहून म्हणाले. "मागे कसं काय?"

धाकटीने काच उतरवण्याचे बटण शोधले. ते नव्हतेच. नव्या सुगंधी फवाऱ्याखाली जुन्या रेग्झिनचा वास दबा धरून होता. गाडी जागची हललीही नव्हती. तरी तिने सवयीने पर्समध्ये हात घालून घडी केलेली पिशवी चाचपली. ती पिशवी कशासाठी असते हे थोरल्या जावेला ठाऊक होते, म्हणूनच प्रत्येक प्रवासात ती मागे वळून पाहत नसे.

"मागची काच उघडत नाही, भाऊजी."

"एसी आहे ना. काच कशाला हवी?" थोरल्यांनी तो मुद्दा निकालात काढला. "एकदा घेतली की आठ-दहा वर्षं बघायला नको."

धाकटीने ती आठ-दहा वर्षे तिथे बसल्या बसल्या पाहून घेतली.

व्यापारी किल्ली घेऊन आला. जाता जाता त्याने मागचे दार वर उचलून डिकी दाखवली. "एक चक्कर मारून या. पण एक विचारतो, साहेब. घरात गाडी चालवणारा एक असतो, बाकीचे नुसते बसणारे. हात त्याचा बसला पाहिजे. तुमच्यात गाडी नक्की लागते कुणाला?"

"मला," शेवटच्या रांगेतून उत्तर आले.

"काकूलाच लागते!" पुतणीने साक्ष दिली. "पहिल्या वळणालाच लागते!"

वळणाचे व्यापाऱ्याने मनावर घेतले नाही. त्याने डिकीतूनच हात लांब केला आणि किल्ली धाकटीच्या तळहातावर ठेवली. "या, वहिनी. पुढे या."

"अहो, तसं नव्हे," थोरले मान वळवून म्हणाले. "तिला लागते म्हणजे... लागते!"

"मीही तेच म्हणतोय, साहेब. ज्याला लागते त्यानं चालवायची."

थोरल्यांनी आजवर पुष्कळ वाद जिंकले होते. परंतु एकाच क्रियापदाच्या दोन अर्थांशी त्यांची गाठ प्रथमच पडत होती. त्यांनी बाजू बदलली. "पण तिला येते का चालवायला?"

"येते." घरून निघाल्यापासूनचा धाकट्याचा हा पहिला शब्द होता. "माहेरी टेम्पो चालवायची. लायसन्स पर्समध्येच असतं."

"पिशवीशेजारी," धाकटी म्हणाली.

आईने पदर सावरला. "मग चालवू दे की. आणि तू जा मागे. ऐसपैस आहे म्हणतात ना?"

धाकटी आसनाची पाठ पाडून डिकीतून उतरली. थोरले मधल्या फटीतून मागे गेले: आधी पोट, मग गुडघे आणि बऱ्याच विलंबाने उरलेले थोरले.

तिने आसन पुढे ओढले, तिन्ही आरसे आपल्या उंचीला आणले आणि ती लांबरुंद गाडी फाटकाच्या दोन खांबांमधून अलगद बाहेर काढली. आजवर तिने रस्ता इतरांच्या डोक्यांमधल्या फटींतून पाहिला होता. आज तो सबंध समोर आला. पाण्याच्या टाकीकडे जाणारा चढ तिने निवडला, कारण गाडीची परीक्षा चढावर होते आणि त्या चढाला वळणे होती. पहिल्या वळणाला तिचे पोट शांत राहिले. दुसऱ्या वळणाला ती गुणगुणू लागली.

"ब्रेक जरा उशिरा लागतो, भाऊजी. त्यांच्याकडून नीट करून घ्यायला हवा."

तिसऱ्या वळणानंतर मागून अगदी बारीक आवाज आला, "जरा... काच..."

"एसी आहे ना, बाबा," लहान मुलगी म्हणाली. "काच कशाला हवी?"

धाकटीने रस्त्यावरची नजर न हलवता पर्समधून पिशवी काढली आणि खांद्यावरून मागे धरली. पिशवी आईच्या हाती गेली, आईकडून थोरलीच्या. थोरली या वेळी पूर्ण वळून बसली.

गाडी परतली तेव्हा व्यापारी फाटकातच उभा होता. त्याने मागचे दार वर उचलून शेवटच्या आसनाची पाठ पाडली. थोरले डिकीच्या काठावर सरकले आणि पाय खाली सोडून, तोंडावर रुमाल धरून बसले.

"काय, साहेब? मग लागते ना गाडी?"

थोरल्यांनी आईकडे पाहिले, आकाशाकडे पाहिले. दुसरा शब्द सापडेना.

"लागते," ते म्हणाले.

पुढे धाकटीने इंजिन अजून बंद केले नव्हते.