वन्संचा आकडा

वेदनेवर मानवाने अंतिम विजय मिळवला होता. फक्त मालिनीबाई सबनिसांच्या नव्या गुडघ्याला ही बातमी पोचली नव्हती.

औषध आता नखभर पुरे. मेंदूच्या देठातली दुखणं शमवणारी वाट उघडली की तो देठच दुखणं खाली अडवून धरी, आणि वाट किती उघडली त्याचा आकडा पलंगासमोरच्या भिंतीवर उमटे. साठच्या वर गेल्याशिवाय उठायचं नाही आणि दहा पावलं चालल्याशिवाय घरी जायचं नाही.

"जिव्हाळ्याचं माणूस जवळ असलं की वाट झटकन उघडते," डॉक्टर मोहिते म्हणाल्या.

यजमान पुढे झाले. एकवीस. लेकाने हात धरला. चोवीस. मालिनीबाई ओशाळून छताकडे पाहू लागल्या.

तेवढ्यात त्यांची नणंद उषा दारात उभी राहिली. दोघींचं तीस वर्षांचं भांडण.

"काय वहिनी, अजून लोळताय? मी गुडघा बदलल्यावर दुसऱ्या दिवशी जिना चढले होते!"

"तीन पायऱ्या होत्या, वन्सं. त्याही दोघांनी उचलून नेलं तेव्हा!"

चव्वेचाळीस.

"इथली आमटी तुमच्या हातच्या आमटीपेक्षा बरी, म्हणून मुक्काम वाढवलात वाटतं!"

एकाहत्तर. मालिनीबाई ताडकन उठल्या आणि भांडत भांडत दारापर्यंत जाऊन आल्या. सोळा पावलं! वन्संनी टाळ्या पिटल्या. दोघींना हसू आवरेना.

"विज्ञानाच्या इतिहासात याची नोंद होईल!" डॉक्टरांनी घाईघाईने आकडा टिपून घेतला.

"होऊ दे हो," मालिनीबाई धापा टाकत म्हणाल्या, "आधी ती खुर्ची जरा इकडे सरकवा."