दोन मोर

“मोर कमी अन् बदक जास्त वाटतंय,” योगराज कुंदनच्या कानाशी पुटपुटला. मोठ्यानं म्हणायची सोय नव्हती. मोर हेमराजभाऊंनी सांगून काढवून घेतला होता.

कुंदन उधन्यात साड्यांच्या प्रिंटची डिझाइनं करायचा. पुस्तकाचं कव्हर तो आयुष्यात पहिल्यांदाच करत होता, त्यामुळे ते साडीसारखंच झालं होतं. चारी बाजूंनी जरीची बॉर्डर, मध्ये नथ घातलेला, मोठ्या डोळ्यांचा कानबाई देवीचा नारळ, आणि जिथं बोटभर जागा सापडेल तिथं बुट्टा. नजर अडकायची, एवढं मात्र खरं. येत्या रविवारी कानबाई बसणार होती. मांडवात येणाऱ्या प्रत्येक बाईच्या हातात हे गाण्यांचं पुस्तक द्यायचं मंडळानं ठरवलं होतं, आणि छापखानावाला आज संध्याकाळपर्यंतच थांबणार होता.

कॉम्प्युटरसमोर कुंदनच्या बाजूला तिघं बसली होती. मंडळाचे अध्यक्ष हेमराजभाऊ, सेक्रेटरी योगराज, आणि हेमराजभाऊंच्या बायको पुष्पाबाई. त्यांच्या मांडीवर बटवा आणि गाण्यांची वही.

वही त्यांच्या मुलीची, योगिताची. उधना-भेस्तानच्या म्हाताऱ्या बायकांजवळ बसून तिनं ती भरली होती. बायका जिथं विसरल्या, तिथं स्वतः ओळी जोडल्या होत्या. दोन वर्षांपूर्वी ती लूमवरच्या एका ओडिया मुलाशी लग्न करून कडोदऱ्याला राहायला गेली. रिक्षानं पाऊण तास. तेव्हापासून घरात तिचं नाव निघालं नव्हतं. वहीला सगळे नुसतंच ‘वही’ म्हणत; जणू ती कपाटात आपोआप उगवली होती.

कुंदनला यातलं पहिल्या दिवशी काही माहीत नव्हतं. त्यानं वहीवरचं नाव जसंच्या तसं, लाल अक्षरांत, नारळाखाली टाकलं. हेमराजभाऊ बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “खाली एक मोर टाक.” कुंदननं मोर नावावर ठेवला. नाव पुसायला कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून पुसलं नाही.

पुष्पाबाईंनी बटव्यातून चष्मा काढला. मागच्या कव्हरवरची गाण्याची ओळ वहीशी ताडून बघितली. “हाई बराबर शे,” म्हणाल्या, आणि चष्मा मिटून परत बटव्यात ठेवला.

“मोर जाडा दिसतोय का रे?” हेमराजभाऊंनी विचारलं.

“जाडा नाही, काका. एकटा आहे ना, म्हणून तसं वाटतं. साडीत एकटा मोर कधी चालत नाही. व्यापारी लगेच विचारतो, याची जोडी कुठाय?”

“मग दोन कर. समोरासमोर.”

“बारीक करावे लागतील.”

“कर, कर. बदक तरी दिसणार नाही,” योगराजच्या तोंडून निघून गेलं. हेमराजभाऊंनी त्याच्याकडे बघितलं. योगराज भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागला.

कुंदननं मोर लहान केला, त्याची उलटी नक्कल करून समोर बसवली. जोडी सुरेख जमली. फक्त मध्ये जागा उघडी पडली. डाव्या मोराखाली मुलीचं नाव झाकलेलं, उजव्याखाली आडनाव. मधोमध लाल अक्षरं उरली: हेमराज.

खाली गल्लीत एक टेम्पो रिव्हर्स घेत होता, त्याचं गाणं पूर्ण वाजून संपलं.

सुचलं आधी योगराजला. “वा! भाऊ, हे तर झकास झालं. अध्यक्षांचंच नाव! आता कोणी विचारायचं नाही की कोणी बोट दाखवायचं नाही. कुंदन, हात लावू नको रे. असंच जाऊ दे छापायला.”

हेमराजभाऊ पुढे वाकले. छापलेलं आपलं नाव त्यांनी आजवर भाऊबंदांच्या लग्नपत्रिकांवरच बघितलं होतं, तेही खालच्या बारीक यादीत. इथं ते कानबाईच्या पायाशी होतं, दोन्हीकडून मोर राखण करत होते. चांगलं दिसत होतं. बॉर्डरच्या रंगालाही शोभत होतं. त्यांनी मिशीवरून बोट फिरवलं.

“पाठवू, काका?” कुंदननं विचारलं.

हेमराजभाऊंची मान हो म्हणायला हलायच्या बेतात होती.

“अहो,” पुष्पाबाई म्हणाल्या, “मोरसना खाले काय लिखेल शे, ते पुरं वाचा ना जरा. मना चष्मा घर राही गया.”

बटवा त्यांच्या मांडीवरच होता. चष्म्याची एक काडी त्यातून बाहेर आली होती. कुंदननं माउसवरचा हात काढून घेतला. योगराज पुन्हा कॅलेंडर वाचू लागला.

हेमराजभाऊंनी बटव्याकडे बघितलं. मग बायकोकडे. मग पडद्याकडे. मोर जागचे हलले नव्हते.

“योगिता हेमराज बोरसे,” त्यांनी वाचलं.