मूकपटातली छबू

“आई, मावशी आली बघ,” सुधा म्हणाली. आवाज न काढता, नुसत्या ओठांनी.

ठमाबाईंनी मान पडद्याकडं वळवली. शेळगावच्या धान्याच्या गोदामात खिडक्यांना पोती ठोकून भर दुपारी अंधार केला होता. समोर धोतराच्या पडद्यावर त्यांची थोरली बहीण छबू उभी होती. सव्वीस वर्षांपूर्वी मेलेली छबू! पदर सावरत होती, पापण्या मिटत होती.

पडद्याशेजारी उभे राहून सोपानराव लोकांना खेळ समजावून सांगत होते. हे छबूचे नवरे, म्हणजे ठमाबाईंचे दाजी. मूळचे बारामतीचे. तरणेपणी कलकत्त्याला पळाले आणि तिथल्या एका फिल्म कंपनीत कॅमेऱ्याचं हँडल फिरवू लागले. काचेच्या छपराचा स्टुडिओ. ऊन आलं की काम सुरू, ढग आला की सगळे चहाला. मूकपटांचा जमाना तो. घरंदाज बाई काही केल्या पडद्यावर यायला तयार होईना, तेव्हा सोपानरावांनी आपली बायकोच पुढं केली. माणूस मोठा धाडसी, पण दुसऱ्याच्या जिवावर!

पुढं बोलपट आले आणि कंपनी बसली. मूकपटांच्या फिती चांदीसाठी धुऊन काढल्या, उरलेलं कचकडं बांगडीवाल्यांनी नेलं. चौदा खेळांतला हा एकच वाचला, तोही सोपानरावांच्या ट्रंकेत होता म्हणून. आता चोपन्न साली मुंबईत त्याच गोष्टीचा बोलपट काढायचं त्यांच्या मनानं घेतलं होतं. आणि छबूच्या जागी त्यांना हवी होती ठमाबाईंची सुधा. पोर जन्मली छबू गेल्यानंतर आठ वर्षांनी. पण तोच चेहरा, तीच हनुवटी. बघणारा चकायचा.

“काका, मावशीची ती नदीतली उडी मलाबी मारावी लागंल?” सुधानं सोपानरावांना विचारलं होतं.

“मग? त्या उडीसाठी तर सगळा खटाटोप!”

सुधा हरखून गेली होती. दहा दिवस आरशापुढनं हलत नव्हती. विधवा ठमाबाईंचा जीव मात्र थाऱ्यावर नव्हता. एकुलती एक लेक, मुंबईला धाडायची! त्या रोज नन्नाचा पाढा वाचत होत्या. शेवटी दाजी म्हणाले, “आधी खेळ बघा. छबू किती मानानं दिसतीया ते डोळ्यांनी बघा, मग बोला.” खेळ बघायला ठमाबाईंनी होय म्हटलं. सुधाचं सामान बांधून तयार होतं. खेळ संपला की इंदापूरची गाडी धरायची होती.

ठमाबाईंना ऐकू येत नव्हतं. पाचव्या वर्षी गोवरात कान गेले. ओठांवरून बोलणं ओळखायला त्यांना छबूनंच शिकवलं. दोघी बहिणी दिवसभर बिनआवाजाच्या गप्पा हाणायच्या आणि त्यांची आई करवादायची, “काय शिजतंय गं सटव्यांनो?” पुढं सुधा आईशी बोलायला शिकली तीही याच रीतीनं.

खेळ शेवटाला आला. छबू घाटाच्या पायरीवर उभी राहिली. मागं गंगेचं काळं पाणी. तिचा चेहरा अख्ख्या पडद्यावर पसरला आणि ओठ हलू लागले.

“आता ती म्हनतीया, गंगामाई, मला पोटात घे!” सोपानराव गरजले. पडद्यावर अक्षरांची पाटी आली, तिच्यावरही तेच लिहिलेलं. बायका डोळ्यांना पदर लावू लागल्या.

ठमाबाईंनी पदर लावला नाही. त्या लाकडासारख्या ताठ झाल्या. सुधानं त्यांचा हात गच्च धरला. पाटी गेली, पुन्हा चेहरा आला. छबू बोलतच होती. मग ती मागं वळली आणि तिनं उडी टाकली. पाणी फाकलं, मिटलं. कॅमेरा बराच वेळ त्या पाण्याकडं बघत राहिला. छबू काही वर आली नाही.

पोती काढली. उजेड आला. लोकांनी टाळ्या पिटल्या.

“काय उडी हाणलीया, आं!” सोपानराव खुशीत होते. “सारं कलकत्ता याडं झालं हुतं. अन् आमची छबू त्याच सांजंला केस वाळवत चहा पीत बसलीती. पुढं महिन्यानं पटकी झाली अन् गेली बिचारी. आमचं नशीब!”

ठमाबाई उठल्या. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यानं त्यांचं बोलणं मोठं आणि सपाट निघायचं. साऱ्या गोदामाला ते ऐकू गेलं.

“दाजी, छबू पटकीनं न्हाय मेली. ती म्हनली, मला पवता येत न्हाय, ह्यास्नी ठावं हाय, तरी उडी मार म्हनत्यात.”

सोपानरावांच्या तोंडाचं पाणी पळालं. पण गडी मुरलेला. लगेच हसले.

“अहो, मुका खेळ तो. त्यात तोंडाला यील ते बडबडायचे सगळे. त्याचं काय धरून बसलाय? सुधे, ऊठ. गाडी चुकंल.”

सुधा जागची हलली नाही.

“काका, मलाबी वाचता येतंय. आईनं निम्मंच सांगितलंय.”

“असं? मग ऱ्हायलेलं तू सांग की!”

सुधानं एकदा आईकडं पाहिलं. ठमाबाई मान हलवून नको नको म्हणत होत्या.

“उडी मारायच्या आधी मावशी नीट आमच्याकडं बघून म्हनली,” सुधा सांगू लागली, “‘ठमे, तुझ्या सुधीला ह्येंच्यासंगं धाडू नगंस.’”