सगळ्या गाठी सोडा

पोलीस दारात उभा राहिला तेव्हा गोबनट म्हातारी लोणी घुसळत होती. तिने हात थांबवला नाही.

गावाच्या वरच्या टोकाला सकाळीच झडती सुरू झाली होती. लाल डगल्यांच्या सैनिकांनी सगळ्या वाटा धरल्या होत्या. चर्चचा दशांश कर वसूल करणाऱ्याच्या धान्याच्या गंजी जळाल्या होत्या, आणि त्यासाठी त्यांना गोबनटचा लेक लॉर्कन हवा होता. सापडला तर फाशीच. तो तिच्या डोक्यावर, माळ्यावरच्या पेंढ्यात पडून होता.

"देव कामाला बरकत देवो," पोलीस म्हणाला. त्याने बंदूक भिंतीला टेकवली आणि म्हातारीच्या हातातून पिंपातला घुसळायचा दांडा घेतला.

घुसळण चालू असताना घरात पाऊल टाकणाऱ्याने दांड्याला हात लावायचा, नाहीतर लोणी रुसतं, हे इथे आयर्लंडच्या दक्षिणेत, टिपेररीत, शेंबडं पोरही जाणतं. पण पोलिसाने जाणावं?

"कुणी शिकवलं?" गोबनटने विचारलं.

"आईने. आमच्या उत्तरेतही गाई असतात, मावशी."

माळ्यावरून पेंढ्याची एक काडी पिंपाच्या झाकणावर पडली. त्याने ती फुंकरीने उडवली आणि घुसळत राहिला. चुलीपाशी सून ओनोरा बाळाला पाजत होती. तिने बाळाला छातीशी आवळलं.

"झडतीला आलात ना? घ्या मग," गोबनट म्हणाली. "लोण्याचं मी बघते."

"झडतीवाले संध्याकाळपर्यंत पोचतील इथे. मी वेगळ्या कामाला आलोय. नव्या चौकीवरचा मी, मॅथ्यू गॅल्ट. बायकोला काल रात्रीपासून कळा लागल्यात. सुटका होत नाही."

"चौकीत बायका असतात होय?" ओनोरा म्हणाली. "आम्हाला वाटलं, बंदुका कुशीत घेऊन झोपता."

"तीन आठवडे झाले येऊन. कुणी बोलतं का आमच्याशी, कळायला?"

ओनोराने मान खाली घातली. तिचं बाळंतपण जुनं नव्हतं. त्या रात्री सासूचा हात हातात नसता तर, हे तिला आठवलं असावं.

"जा तुम्ही, आई," ती हळूच म्हणाली.

सुईणीने बोलावणं नाकारायचं नसतं, मग ते कुणाच्याही दारातून येवो. गोबनटने हात पुसले.

"मदतीला दुसरी बाई लागत असेल तर तिलाही घ्या," गॅल्ट म्हणाला. "तयारी होऊ द्या. मी अंगणात आहे."

तो बाहेर जाऊन दाराकडे पाठ करून उभा राहिला.

सासू-सुनेने एकमेकींकडे पाहिलं. ओनोराने खुंटीवरचा आपला टोपडीचा झगा काढला. लॉर्कनने आवाज न करता शिडी उतरून तो अंगावर चढवला. त्याने बाळाच्या टाळूला नाक लावलं, आणि बाळाने त्याचं बोट घट्ट धरलं. ओनोराला ती इवलीशी बोटं एकेक करून उघडावी लागली.

वेशीवर सैनिकाने बंदूक आडवी धरली.

"ही उंच कोण? टोपडी मागे कर."

"सुईण आणि तिची मदतनीस," गॅल्ट म्हणाला. "तिकडे माझी बायको तडफडतेय. बायांची तोंडं नंतर बघा. मूल गेलं, तर कुणी अडवलं ते मी तुमच्या साहेबाला सांगेन."

"जा बाबा, जा. मुलगा झाला तर व्हिस्की पाज म्हणजे झालं."

पुढे गॅल्ट एकदाही मागे न बघता चालला.

"पहिल्याच आठवड्यात मी दलदलीत रुतलो होतो," तो म्हणाला. "छातीपर्यंत. हातात बंदूक होती, अंगावर हा डगला. तरी तुमच्या गावच्या एकाने पोटावर झोपून, काठी पुढे करून मला काढलं. आभार मानायच्या आत निघून गेला. म्हणून वाटलं, या गावात मागितलं तर मिळेल."

गोबनटला लॉर्कन त्या दिवशी चिखलाने माखून घरी आलेला आठवला. वासरू रुतलं होतं म्हणाला होता. असं उपकार स्मरणारं लेकरू, आणि त्याच्या बायकोच्या कळांच्या आडून आपण त्यालाच फसवतोय.

वळणावर नदी दिसली. काठच्या लव्हाळ्यांत लॉर्कनच्या मामाची, इंधनाचं पीट वाहणारी नाव होती. गोबनट थांबली.

"बाळंतिणीच्या घरी सगळ्या गाठी सोडतात, ठाऊक आहे ना? बापाच्या अंगावर एक जरी गाठ असली तरी मूल अडतं. बुटांच्या नाड्या सोडा बघू. सगळ्या."

गॅल्ट मुकाट्याने नदीकडे पाठ करून दगडावर बसला. एवढ्याशा नाड्या, पण केवढा वेळ लावला त्याने. पहिला बूट होईतो झुडपं हलायची थांबली होती. दुसरा होईतो नाव प्रवाहाला लागली होती.

गोबनटने मनात मेरीमातेचे आभार मानले. मग ठरवलं, या पोराचं मूल आपण सुखरूप काढायचं. रात्र जागावी लागली तरी.

तो उठला. दुसरी बाई कुठे गेली, हे त्याने विचारलं नाही.

"चला," ती म्हणाली. "वाट बघत असेल बिचारी."

गॅल्ट पुन्हा दगडावर बसला आणि नाड्या बांधू लागला, दुहेरी गाठ मारून.

"अरे, बांधतोस काय? बायको अडलीय ना तुझी?"

"घरी जा, मावशी, सूनबाई काळजीत असेल," तो म्हणाला. "माझं लग्न व्हायचंय अजून."