खुर्चीवरचं पाइनचं फळ

गावाबाहेरच्या, ट्यूडर राजांच्या काळातल्या हवेलीत क्लेमंट वर्षानुवर्षं स्वयंसेवक म्हणून पर्यटकांना दिवाणखाना दाखवायचा. तिथल्या जुन्या खुर्च्यांवर कुणी बसू नये म्हणून रोज सकाळी प्रत्येक खुर्चीवर पाइनच्या झाडाचं एकेक वाळकं, खरखरीत फळ ठेवायचा. मग कुणाला तोंडानं टोकायची वेळच यायची नाही. अलीकडे तो आठव्या हेन्री राजाच्या सहा बायकांमध्ये गल्लत करायला लागला, तेव्हा हवेलीवाल्यांनी गोड बोलून त्याला घरी बसवलं.

आज त्याची बायको ईनिड दोन कप चहा घेऊन बाहेरच्या खोलीत आली, तर फायरप्लेसजवळच्या तिच्या नेहमीच्या खुर्चीवर पाइनचं फळ! तिला हसूच आलं.

“काय रे, आता घरातही सुरू केलंस का तुझं म्युझियम?”

कप तसेच हातात धरून तिनं कोपरानं ते फळ खाली पाडलं आणि ती खुर्चीत टेकली.

क्लेमंट लगबगीनं पुढे आला. आवाज तोच, हवेलीतला, मऊ आणि अदबशीर.

“माफ करा हं बाई, पण तिथे नका बसू. आमच्या ईनिडची खुर्ची आहे ती. येईलच ती एवढ्यात चहा घेऊन.”