गॅरेजमधल्या चार ट्यूब

"एका बल्बच्या लाईनीवर चार ट्यूब चालतील ना रे?" नविनशेठने खालून विचारलं.

शिडीवरून शुक्रा म्हणाला, "एलईडी हाय शेठ, चालतील. हिटर तेवढा लावू नका. वायर बारीक हाय."

फ्यूज त्याच्या खिशात होता. बंगल्यातल्या बोर्डाचा फ्यूज काढायचा आणि काम संपेपर्यंत स्वतःच्या खिशात ठेवायचा, ही त्याची रीत. लाईट गेली समजून कुणी तो परत खोचला, तर शिडीवरचा माणूस गेलाच. या एका बाबतीत शुक्रा सख्ख्या भावावर विश्वास ठेवत नसे. बाकी माणूस भोळा.

नोव्हेंबरपासून तलासरीची जमीन हलत होती. दोन महिने झाले तरी थांबायचं नाव नाही. कौलं अंगावर येतील म्हणून अख्खा पाडा खळ्यात प्लास्टिकखाली झोपत होता. शुक्राची पाच वर्षांची एकुलती एक पोर, नाव धाकली, खोकून खोकून निळी पडायची. दवाखान्याच्या आशाताईने कालच दम भरला होता, "अजून चार दिवस दवात झोपवलीस तर पोर हातची जाईल."

आणि आज सकाळी नविनशेठ स्वतःहून म्हणाला होता, "गॅरेजमध्ये ट्यूब वाढवून दे. संध्याकाळी बायकोला नि पोरीला घेऊन इकडेच ये झोपायला. उघड्यावर नका राहू."

शेठच्या चिकूच्या नर्सरीत शुक्रा आठ वर्षं पंप आणि वायरिंग बघत होता, पण असं कधी कुणी विचारलं नव्हतं. त्याने मजुरी घ्यायची नाही असं तिथेच ठरवून टाकलं.

जुना बल्ब होता तिथल्या वायरच्या पेटीतून त्याने लाईन पुढे नेली. वायरची पट्टी ओळंब्यात, अगदी सरळ ठोकली, एकही जोड उघडा ठेवला नाही. वर नुसता पत्रा होता. पत्रा पडला तरी माणूस मरत नाही, त्याला बरं वाटलं.

"स्विच खाली घे," शेठ म्हणाला. "झोपल्या जागेवरून हात पोचला पाहिजे. आणि डासांच्या मशीनला एक प्लग."

माणूस किती बारीक विचार करतो! शुक्राने स्विच इतका खाली घेतला की धाकलीचाही हात पोचावा.

फ्यूज परत बसवायला तो बंगल्यात गेला. जिन्याजवळच्या खांबावर बोट जाईल एवढी तिरपी चीर होती.

"शेठ, हे काय?"

"प्लास्टर आहे रे, प्लास्टर. आत लोखंड ठासून भरलंय." शेठने त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला बाहेर आणलं.

चारही ट्यूब लागल्या. गॅरेज लख्ख झालं. शुक्रा धावतच पाड्यावर गेला.

दिवेलागणीला तो परत आला तेव्हा त्याच्या बायकोच्या, बारकीच्या डोक्यावर गोधड्यांचं गाठोडं होतं आणि धाकली त्याच्या खांद्यावर. गॅरेजच्या दारात तिघंही थबकली. आत गाद्या अंथरल्या होत्या. शेठाणी जयश्रीवहिनी उशांना अभ्रे घालत होत्या. शेठची दोन्ही मुलं खालच्या स्विचशी खेळत होती.

शुक्राचा चेहरा पडला. बारकी हळूच म्हणाली, "चल, माघारी जाऊ."

"अरे, माघारी कुठे?" शेठने बंगल्याची चावी त्याच्या हातात ठेवली. "तुम्ही वरच्या खोलीत झोपा. पलंग आहे, पंखा आहे, ब्लँकेटं काढून ठेवलीत. घर रिकामं दिसलं की चोर येतात. लाईट लावून ठेव म्हणजे झालं."

"पलंगावर? आम्ही?"

"मग काय जमिनीवर? पोरगी आजारी आहे ना तुझी!"

आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. शुक्रा शेठच्या पायाशी वाकला. बारकीला रडू आवरेना. उंबऱ्यावर तिने पायातल्या चपला काढल्या, पदराने पाय पुसले आणि मगच आत पाऊल टाकलं. धाकली तर केव्हाच जिना चढून गेली होती. वरून तिच्या उड्यांचा आवाज येत होता, खोकल्यासकट.

वरच्या खिडकीत दिवा लागला. जयश्रीवहिनी गॅरेजच्या दारातून बराच वेळ तिकडे बघत राहिल्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "इंजिनियरने तर सांगितलंय ना, या घरात एक रात्रसुद्धा कुणी झोपायचं नाही म्हणून?"

नविनशेठने चादर अंगावर ओढून घेतली.

"ते आपल्याला सांगितलंय."