म्हशीची पाठ

मुलांनो, समजा, तुम्ही दुपारभर मोबाइलवर बोटाने चित्र रंगवलंत आणि तुमच्या दादाने कोपऱ्यातली तुमची सही कापून ते स्वतःच्या नावाने इन्स्टावर टाकलं, तर?

यामिनीच्या प्रत्येक चित्राचं असंच होई. "एवढीशी तू, तुला कोण ओळखतंय?" असं म्हणून दादा वर हसायचा.

मग एके दिवशी तिने काळीभोर म्हैस काढली आणि तिच्या पाठीवर किंचित फिकट काळ्या रंगात काहीतरी लिहिलं. दादाने सही कापली, चित्र टाकलं. वाहवा सुरू झाली. तेव्हा यामिनीने चित्राखाली कमेंट लिहिली, "स्क्रीनचा उजेड वाढवून म्हशीची पाठ बघा."

पाठीवर अक्षरं उमटली : 'चित्र यामिनीचं. दादा चोर.'

दादाने ते काढून टाकेपर्यंत चित्र त्याच्या वर्गभर पसरलं होतं आणि पोरांनी त्याचं नाव 'म्हैसचोर' ठेवलं होतं. संध्याकाळी तो लाल डोळ्यांनी आला.

"यामू, पाया पडतो तुझ्या. सगळ्यांना सांग ना, गंमत केली म्हणून!"

यामिनीने मोबाइलवर कोरं पान उघडलं. "हलू नकोस रे दादा," ती म्हणाली आणि त्याचं रडवेलं तोंड काढायला बसली.